मुले आणि छंद : एन्नोरचा समुद्र, मुलांच्या कॅमेऱ्यातून

समुद्रकाठचे एखादे छायाचित्र ज्या घरात नाही असे सुशिक्षित घर विरळाच. विजारीचे पाय दुमडून घोटाभर पाण्यात उभे असलेले वडील, वाऱ्याने उडणारा पदर सावरणारी आई, आणि दोघांच्या मधोमध उन्हामुळे डोळे मिचकावीत उभी असलेली मुले. अ‍ॅग्फा क्लिक-३ हा साधा पेटीसारखा कॅमेरा ज्या काळी मध्यमवर्गीय घरांत आला, त्या काळी एका रिळात बाराच चित्रे निघत. त्यामुळे मोठी माणसे विचार करकरून कळ दाबीत, आणि मुलांच्या हाती तो कॅमेरा सहसा लागतच नसे. मुले चित्रात असत. चित्र काढणारी मात्र नसत.

आज परिस्थिती पालटली आहे. घरातील दूरध्वनीच कॅमेरा झाला आहे आणि तो मुलांच्या हाती सहज पडतो. तेव्हा एक प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे. समुद्रकाठी गेलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा दिला, आणि 'तुला हवे ते टीप' एवढेच सांगितले, तर ती काय टिपतील? या प्रश्नाचे उत्तर मूल समुद्राकडे कोणत्या वाटेने येते यावर अवलंबून असते. वर्षातून एकदा सुट्टीत समुद्र पाहणाऱ्या मुलाचा समुद्र निराळा, आणि ज्याच्या दाराशीच लाटा येतात त्याचा निराळा. या लेखात आपण मुख्यत्वे दुसऱ्या प्रकारच्या मुलांचा विचार करणार आहोत, आणि त्यासाठी चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोर येथे जाणार आहोत.

तत्पूर्वी सुट्टीतल्या समुद्राविषयी थोडे. जाक आंरी लार्तिग हा १८९४ साली जन्मलेला फ्रेंच मुलगा सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. त्याने धावणारे, उड्या मारणारे, पाण्यात झेपावणारे आपले आप्तेष्ट टिपले. मोठी माणसे त्या काळी छायाचित्रासाठी ताठ बसत. या मुलाला मात्र ती हवेत तरंगताना हवी होती. ही चित्रे कित्येक वर्षे घरच्या संग्रहातच राहिली. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा लार्तिग जवळजवळ सत्तरीला आला होता. सुखवस्तू घरातील मुलाला मोकळेपणा म्हणजे काय वाटत होते, ते त्या चित्रांवरून जगाला कळले.

दुसरे उदाहरण रिनेके डाइक्स्ट्रा या डच छायाचित्रकर्तीचे. १९९२ पासून पुढे काही वर्षे त्यांनी पोलंड, युक्रेन, अमेरिका अशा निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींची चित्रे काढली. पोहण्याच्या वेषातील एकेक मुलगा किंवा मुलगी, पाठीमागे केवळ पाणी आणि आकाश. ही मुले हसत नाहीत. हातांचे काय करावे हे त्यांना सुचत नाही. बालपण संपत आले आहे आणि प्रौढपण अजून अंगवळणी पडलेले नाही, अशा वयातील संकोच त्या चित्रांत आहे. पाठीमागे घर नाही, शाळा नाही, म्हणून तो अधिकच दिसतो.

या दोन्ही ठिकाणी समुद्र हा पार्श्वभूमीसारखा आहे. एन्नोरला तो तसा राहू शकत नाही.

एन्नोर हे चेन्नईच्या मध्यवस्तीपासून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, कोसस्तलैयार नदीच्या मुखाशी वसलेले आहे. गुम्मिडिपूंडीकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने तेथे उतरता येते. एका बाजूस बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि दोहोंमध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, अशी त्याची रचना. या पट्टीवर आणि खाडीच्या काठाने मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. तमिळमध्ये अशा वस्तीला 'कुप्पम' म्हणतात. नेट्टुकुप्पम, तळंकुप्पम, काट्टुकुप्पम ही त्यांपैकी काहींची नावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास शहरापासून एन्नोरपर्यंत कालवा खणण्यात आला. तोच पुढे वाढत जाऊन बकिंगहॅम कालवा झाला, आणि त्यातून होड्यांनी सरपण व मीठ शहरात येऊ लागले. मद्रासमधील इंग्रज मंडळी सुट्टी घालविण्यासाठी एन्नोरला येत. म्हणजे हे गाव एके काळी खरोखरच सहलीचे ठिकाण होते.

स्वातंत्र्यानंतर येथे कारखानदारी आली. १९७० साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. ते २०१७ मध्ये बंद पडले. दरम्यान १९९४ पासून उत्तर चेन्नईचे दुसरे, मोठे वीजकेंद्र खाडीपलीकडे चालू झाले होते. त्याला लागणारा कोळसा उतरविण्यासाठी बंदर बांधण्यात आले. २००१ साली सुरू झालेले हे एन्नोर बंदर आता कामराजर बंदर या नावाने ओळखले जाते. शिवाय खतांचा कारखाना, तेलशुद्धीकरणाचा कारखाना, मोटारींचा कारखाना हे सर्व याच टापूत आहेत. देशाला वीज हवी, खत हवे, मालमोटारी हव्यात, यात वाद नाही. परंतु या सर्वांचा भार ज्या एका खाडीवर पडला, तिच्या काठी मुलेही वाढत होती. राख वाहून नेणाऱ्या नळांतून गळलेली राख खाडीत साचली. कोळंबी, खेकडे, बोय हे मासळीचे धन घटत गेले. अलीकडे तर बाहेरून आलेल्या एका जातीच्या शिंपल्यांनी खाडीचा तळ ठिकठिकाणी व्यापला आहे.

आता या गावातील चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती कॅमेरा द्या. तो समुद्राकडे वळला तर चौकटीत बंदराकडे येणारी जहाजे येतात. खाडीकडे वळला तर धुराडी आणि विजेचे मनोरे येतात. त्यांना वगळून चित्र घ्यावे म्हटले तरी ते सोपे नाही. आणि त्याच चौकटीत जाळे विणणारा आजा, टोपली घेऊन निघालेली आई, उलथ्या होडीच्या सावलीत बसलेले सोबती हेही येतात. सहलीस आलेला मनुष्य धुराडे नकोसे वाटून कॅमेरा फिरवितो. वार्तापत्राचा प्रतिनिधी धुराडे हवे म्हणून कॅमेरा फिरवितो. तेथेच राहणाऱ्या मुलाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, कारण दोन्ही त्याच्या रोजच्या रस्त्यावर आहेत.

उत्तर चेन्नईतील मुलांच्या हाती अशा रीतीने कॅमेरा देणाऱ्यांत एम. पळनी कुमार हे नाव आवर्जून सांगितले पाहिजे. हे छायाचित्रकार मूळचे मदुराईकडचे, आणि मासे विकून संसार चालविणाऱ्या आईचे पुत्र. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या जीवनावरील 'कक्कूस' या तमिळ माहितीपटाचे छायाचित्रण त्यांनी केले. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संस्थेसाठी ते काम करतात. दयानिता सिंग यांच्या सहकार्याने त्या संस्थेने सुरू केलेला माहितीपर छायाचित्रणाचा पहिला पुरस्कार त्यांना २०२२ साली मिळाला. एन्नोरच्या पाण्यात हाताने चाचपडून कोळंबी पकडणाऱ्या इरुळर स्त्रियांची त्यांनी काढलेली चित्रे पाहण्यासारखी आहेत. दोन्ही हात पाण्यात गुंतलेले असल्यामुळे कोळंबीची टोपली दातांत धरावी लागते. ते चित्र एकदा पाहिले की बाजारातील कोळंबीचा भाव विचारताना आठवल्याशिवाय राहत नाही. अशा कष्टकरी घरांतील मुलांसाठी पळनी कुमार छायाचित्रणाच्या कार्यशाळा घेतात. मच्छीमारांची मुले, सफाई कामगारांची मुले आपापल्या वस्तीची चित्रे काढतात, आणि त्यांची प्रदर्शनेही भरतात. चेन्नईत २०१६ पासून छायाचित्रणाचा मोठा महोत्सवही भरू लागला आहे. चित्रे पाहण्याची गोडी त्या शहराला नवी नाही.

मुलांच्या हाती कॅमेरा देण्याची ही कल्पना जगात इतरत्रही फळाला आली आहे. वेंडी युवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९७० नंतरच्या दशकात केंटकीच्या डोंगराळ, गरीब भागातील शाळकरी मुलांना कॅमेरे देऊन स्वतःची, घरची, स्वप्नांची चित्रे काढावयास लावले. पुढे त्या गुजरातेतील एका खेड्यातही येऊन राहिल्या. चीनमधील युन्नान प्रांतात १९९० नंतर कॅरोलाइन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकरी स्त्रियांना कॅमेरे दिले, आणि त्या स्त्रियांनी काढलेली चित्रे अधिकाऱ्यांपुढे ठेवली. लिहितावाचता न येणारी स्त्रीदेखील आपल्या गावाची गरज चित्रातून मांडू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्या देशात छायाचित्रणाचा इतिहास जुना आहे. मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ सालीच स्थापन झाले आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ त्यात होते. तथापि कष्टकरी माणूस त्या काळच्या चित्रांत येई तो बहुधा 'अमुक जातीचा नमुना' म्हणून. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हा ८ खंडांचा ग्रंथ निघाला, तो अशाच चित्रांचा. चित्रातील मनुष्याला कोणी विचारले नाही की, बाबा, तुला स्वतःविषयी काय दाखवावेसे वाटते? एन्नोरच्या मुलाने आपल्या आजीचे चित्र काढले म्हणजे तो प्रश्न प्रथमच विचारला जातो, आणि आजी त्या चित्राला नमुना म्हणून नव्हे तर आजी म्हणून सामोरी जाते.

याचे महत्त्व केवळ भावनिक नाही. २८ जानेवारी २०१७ रोजी कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले आणि ते किनाऱ्यावर येऊन थापले. त्या वेळी विद्यार्थी, मच्छीमार आणि तटरक्षक दलाचे जवान बादल्यांनी तो चिखलासारखा काळा थर उपसत होते. ती चित्रे देशभर पाहिली गेली, आणि बादल्यांनी तेल उपसण्याची वेळ आपल्यावर का यावी, असा प्रश्न लोकांनी विचारला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर पुन्हा तेल वाहून एन्नोरच्या खाडीत शिरले. होड्या, जाळी, कांदळवनाची मुळे, पाणकोळ्यांची पिसे, सर्व काळी झाली. त्याच महिन्यात, २६ तारखेच्या रात्री, समुद्राखालून जाणाऱ्या नळातून अमोनिया वायू गळला. झोपेतून उठून, तोंडावर कापड धरून लोक घराबाहेर पळाले. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले.

अशा प्रसंगी 'काल पाणी कोठपर्यंत होते', 'तेल कोणत्या दिवशी आले', 'या काठावर पूर्वी झाडी होती की नव्हती', हे प्रश्न निघतात. अशिक्षित मच्छीमाराच्या तोंडी साक्षीला कचेरीत फारसे वजन नसते. पण त्याच जागेवरून, त्याच बाजूस तोंड करून, दर महिन्याला काढलेली मुलांची चित्रे असतील, आणि त्यांवर तारीख असेल, तर ती साक्ष झटकून टाकता येत नाही. तमिळ महसुली भाषेत सर्वांच्या वहिवाटीच्या जमिनीला 'पोरम्बोक्कु' म्हणतात. आपल्याकडील गायरानासारखाच हा प्रकार. पुढे हा शब्द 'कुचकामी' या अर्थी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. २०१७ साली टी. एम. कृष्णा या नामवंत गायकाने या शब्दावरच रचलेले एक गीत गायिले, आणि त्याची चित्रफीत एन्नोरच्याच परिसरात काढली गेली. जी जमीन कोणा एकाची नाही, तिची नोंद ठेवण्याचे काम सर्वांनाच करावे लागते. त्यात मुलांचा वाटा का नसावा?

मात्र येथे मोठ्यांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अशा मुलांकडून आपण केवळ दुःखाचीच चित्रे अपेक्षू लागलो, तर तोही एक जुलूमच होईल. एन्नोरचा मुलगा वाळूवर क्रिकेट खेळतो, मित्राच्या खांद्यावरून पाण्यात उडी घेतो, नवा सदरा घालून होडीला रेलून उभा राहतो. त्याला तेही टिपावेसे वाटते, आणि त्याचा तेवढाच अधिकार आहे. सुखवस्तू लार्तिगला उडी टिपता यावी आणि कुप्पममधील मुलाने मात्र राखच टिपावी, अशी वाटणी कोणी केली? समुद्र त्याच्या बापाचे शेत आहे, तसेच ते त्याचे खेळाचे मैदानही आहे. ज्या संग्रहात दोन्ही असतील, तोच खरा म्हणावा. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. किनाऱ्यावर रेंगाळण्याची मोकळीक मुलग्यांना असते, मुलींना क्वचित मिळते. हातात कॅमेरा आणि अंगावर काम सोपविलेले असले म्हणजे मुलीला तेथे थांबण्याचे कारण मिळते. 'येथे काय करतेस?' या प्रश्नाला ती उत्तर देऊ शकते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, एन्नोर दूर आहे, आमचा त्याच्याशी काय संबंध? परंतु मुंबईचे कोळीवाडे, हर्णै, मालवण येथेही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत आहे. वरळीच्या मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून आपल्या होड्या सुखरूप जाव्यात म्हणून खांबांमधील अंतर वाढवून मागितले. ते ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे २०२२ च्या अखेरीस मान्य झाले. होडीला किती जागा लागते, हे होडी चालविणाऱ्यालाच ठाऊक असते. तसेच किनारा कसा बदलला, हे तेथे रोज खेळणाऱ्या मुलाला प्रथम दिसते.

ज्या पालकांना या सुट्टीत मुलांच्या हाती कॅमेरा द्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी काही सूचना देतो.

पहिली गोष्ट उजेडाची. आपल्या कोकण किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. एन्नोरला तो समुद्रातून उगवतो. म्हणून तेथे सकाळी परतणाऱ्या होड्या किनाऱ्यावरून टिपल्या तर काळ्या आकृती मिळतात, आणि आपल्याकडे तीच गत संध्याकाळी होते. चेहरे दिसावयास हवे असतील, तर सूर्य आपल्या पाठीशी राहील असे उभे राहावे : कोकणात सकाळी, पूर्व किनाऱ्यावर दुपार कलल्यावर. भर दुपारचे ऊन थेट डोक्यावरून पडत असल्यामुळे डोळ्यांखाली कठोर सावल्या पाडते. त्या वेळी होडीच्या किंवा छपराच्या सावलीत काम करावे.

दुसरी, क्षितिजाची रेघ आडवी व सरळ असावी, आणि ती कोणाच्या मानेतून किंवा डोक्यातून जाऊ नये. थोडे खाली बसले की ती खाली जाते आणि मनुष्य आकाशावर उठून दिसतो. लहान मुलाचे चित्र त्याच्या उंचीवर येऊनच काढावे.

तिसरी, खाऱ्या वाऱ्याने भिंगावर धुरकट थर बसतो. स्वच्छ मऊ कापड जवळ ठेवावे. वाळू असेल तर आधी ती फुंकून झटकावी, कारण घासल्यास भिंगावर ओरखडे पडतात. घरी आल्यावर कॅमेरा किंचित ओलसर कापडाने पुसून मग कोरडा करावा.

चौथी, परवानगीची. मासळी निवडणाऱ्या बाईचे चित्र काढण्यापूर्वी तिला विचारावे, तिचे नाव विचारावे, आणि शक्य असेल तर चित्राची एक प्रत तिला नेऊन द्यावी. मुलांना ही सवय लहानपणीच लागते. बंदर, वीजकेंद्र अशा ठिकाणांच्या आवारात छायाचित्रणास मनाई असते. तेथील फलक वाचावे आणि पाळावे. परक्या मुलांची चित्रे त्यांच्या घरच्यांच्या संमतीशिवाय सर्वत्र पाठवू नयेत.

पाचवी, जिवाची. चित्र काढताना लाटांकडे पाठ करू नये. खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे पाण्याला ओढ असते. अशा ठिकाणी पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमाराला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर ऐकावे.

शेवटची सूचना सर्वांत सोपी, पण तीच सर्वांत जास्त विसरली जाते. दूरध्वनीत शेकडो चित्रे साठतात आणि यंत्र बिघडले की एका दिवसात नाहीशी होतात. मुलाला त्यांतून बारा चित्रे निवडावयास सांगा, जुन्या रिळाइतकीच. ती कागदावर छापून घ्या, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे त्याच्याच अक्षरात तारीख, ठिकाण आणि चित्रातील माणसांची नावे लिहवून घ्या. ही बारा का निवडली, हे त्याला जेवताना विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी उभे राहून त्याच बाजूची पुन्हा बारा चित्रे काढू द्या. दोन्ही संच शेजारी ठेवले म्हणजे किनाऱ्यात काय बदलले आणि मुलात काय बदलले, हे घरातील सर्वांनाच पाहता येईल.